न विचारता जोडलेली लाइन

४ मार्च

चि. ढब्बूस,

आशीर्वाद पुढच्या पत्रात. या पत्रात माझा राग मावला तरी पुष्कळ.

आज सकाळी मी केस विंचरत होते, तर दारात एक माणूस. खांद्यावर वायरचं भेंडोळं, हातात ड्रिल. मला म्हणतो, "आजी, जरा बाजूला व्हा. भोक कुठे पाडायचं?" माझ्याच घरात मी बाजूला व्हायचं आणि माझ्याच भिंतीला भोक! मी विचारलं, "तुला पाठवलं कोणी?" तर म्हणाला, "साहेबांनी ऑनलाइन बुक केलंय. इंटरनेट." कोण साहेब? त्याने खिशातून मोबाइल काढून तुझं नाव वाचून दाखवलं. साहेब! शाळेत जायला लागल्यावरही ज्याचं नाक मला पुसावं लागत होतं, तो साहेब.

त्या ड्रिलवाल्याला मी पाणी दिलं आणि परत पाठवलं. त्याच्यावर ओरडले नाही. ओरडायचं होतं ते तुझ्यावर, आणि तू समोर नव्हतास. फोनवर ओरडावं तर तू "आई, ऐक ना" म्हणतोस आणि मग स्वतःच बोलत सुटतोस. मेसेज पाठवला तर निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. म्हणून हे पत्र. पत्रात मधे बोलता येत नाही, शेवटपर्यंत ऐकूनच घ्यावं लागतं.

मी सगळी नोकरी इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर काढली. तिथे पहिल्याच दिवशी मोठ्या बाईंनी दोन गोष्टी माझ्या डोक्यात घातल्या. बाहेरून फोन आला की तो आत ज्याला द्यायचा त्याला आधी विचारायचं, "अमक्यांचा फोन आहे, घेता का?" तो हो म्हणाला तर लाइन जोडायची, नाही म्हणाला तर नाही. मग बाहेर कोणी का असेना. आणि लाइन जोडून झाली की आपला कान काढून घ्यायचा. डॉक्टर घरी काय बोलतात, पेशंटची बायको कोणापाशी रडते, त्यातलं काही आपलं नसतं. नोकरीत माझ्यावर वेळेवरून बोलणी बसली असतील, पण या दोन गोष्टींवरून कोणी बोट दाखवलं नाही. आणि माझा मुलगा मला न विचारता माझ्या घरात लाइन जोडायला निघाला.

वरच्या मजल्यावरून वरचीने तुला काय काय कळवलं ते मला माहीत नाही. तिला पराचा कावळा करायची हौस आहे. मी पडले नव्हते. खाली बसले होते. स्वतःच्या घरात माणूस खाली बसू शकतो.

अक्षर वाकडं दिसेल. लिहिताना कागद सरकतोय. का सरकतोय ते विचारू नकोस.

— आई

११ मार्च

चि. ढब्बूस,

आशीर्वाद अजून नाहीत. वाट बघ.

काल तुझे दोन खोके आले. कुरियरवाल्याने सही घेतली आणि दोन्ही उंबऱ्यावर ठेवून पळाला. पहिल्यात तुझा तो राउटर. काळा, चपटा, आणि चारी बाजूंनी पाय वर केलेले. पाठीवर उलथलेल्या झुरळासारखा दिसतो. एवढा मोठा की तो ठेवायला टेबलावरून मला उठवावं लागेल. दुसऱ्या खोक्यात तीन गोळे निघाले, प्रत्येकाला एकच डोळा. हे काय प्रकरण आहे ते मला कळेना, तेवढ्यात तुझा मेसेज आला. तो इथे जसाच्या तसा उतरवते, म्हणजे आपण काय लिहिलं ते तुला एकदा निवांत वाचता येईल.

"आई, राउटर टॉपचा आहे, सगळे रिव्ह्यू बघून घेतलाय. नेट सुरू झालं की पासवर्ड पाठव. वरच्या काकू कॅमेरे लावून देतील. हॉल, किचन, बेडरूम. मला ऑफिसातून दिसत राहील. महिनाअखेरपर्यंत हे झालं नाही तर मात्र निवासाचंच बघावं लागेल. तिथे तुझं नाव घालून ठेवलंय."

मेसेज मी उभ्याने वाचला, मग बसून वाचला. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ती कशी जाते ते काल कळलं.

मला दिसत राहील! काय दिसत राहील रे तुला? मी दात काढून वाटीत ठेवते ते? गुडघ्याला तेल चोळताना परकर कुठे असतो ते? तुझे बाबा गेल्यापासून मी त्यांच्या खुर्चीशी भांडते. अगदी हातवारे करून भांडते. पेपर नीट घडी करून ठेवत नाही म्हणून अजून बोलते मी त्यांना. तेही तू ऑफिसात कॉफी पिता पिता बघणार? आणि शेजारच्या टेबलावरच्याने विचारलं तर सांगणार, काही नाही, आमची आई आहे?

आणि निवास! शब्द तर किती गोड शोधलाय. म्हाताऱ्यांना ठेवायची जागा आहे ती, सरळ लिही ना. मी तुला इतकी जड झाले तर माझ्या तोंडावर सांग. बाबांना पोचवून आल्यावर तिसऱ्या दिवशी बॅग भरून तू दारात उभा होतास, तेव्हाही हेच म्हणालास. "एकटी कशाला राहतेस, विकून टाकू." मी म्हटलं, "निघ." तू निघालास. मी निघ म्हटलं की निघायचं असतं हे तुला कोणी शिकवलं? आजवर दुसरं काही ऐकलं नाहीस माझं.

असो. तुझं झुरळ काखेत मारून मी इंटरनेट कंपनीच्या ऑफिसात गेले. रिक्षाने गेले, घाबरू नकोस. काउंटरवर एक मुलगी होती, कपाळावर बटा आणि बोलायला मोकळी. तिने खोक्यावरचं वाचलं आणि म्हणाली, "आजी, हा आमच्या लाइनला सरळ नाही जोडता येत. आमची वायर काचेची असते. तिला आमचाच मोडेम लागतो. आणि आमच्या मोडेममध्ये राउटर असतोच. घर केवढंय तुमचं?"

"दोन खोल्या आणि स्वयंपाकघर."

"मग हा कशाला एवढा? हा मोठ्या ऑफिसांना लागतो. तुम्हाला आमचा एक डबा पुरे. घ्यायच्या आधी एक फोन करून विचारायचं ना, कोणता चालेल म्हणून."

हे शेवटचं वाक्य मी तिला परत म्हणायला लावलं. तुझ्यासाठी. घ्यायच्या आधी एक फोन करून विचारायचं. सगळे रिव्ह्यू वाचलेस, जिथे वायर येणार त्या कंपनीला विचारलं नाहीस, आणि जिच्या घरात येणार तिलाही नाही.

तिने मग विचारलं, "साहेबांचं बुकिंग तर रद्द झालंय. नवं कनेक्शन कोणाच्या नावाने करू?" मी म्हटलं, "माझ्या." तिने माझं पूर्ण नाव विचारलं, मी सांगितलं. ते मोठ्याने सांगून किती दिवस झाले होते!

आता तू म्हणशील, एवढी चिडलीस तर घेतलंस कशाला? तुझ्यासाठी नाही घेतलं. नातीचा पुढचा दात पडलाय, तो तिने स्वतः हलवून पाडला, हे मला वरचीकडून कळतं. माझ्या फोनवर तिचं तोंड आलं की चौकोन चौकोन होऊन अडकतं. फट कुठे आणि चौकोन कुठे काही कळत नाही. मला ती फट बघायचीय, तिथे नवा दात यायच्या आत.

— आई

१९ मार्च

चि. ढब्बूस,

इंटरनेट आलं. तुझ्या नाकावर टिच्चून आलं. आशीर्वाद नाहीत.

तोच ड्रिलवाला आला. या वेळी दारात उभा राहून म्हणाला, "येऊ का आत?" माझा पारा तिथेच निम्मा उतरला. डबा कुठे ठेवायचा ते त्याने मला विचारलं. म्हणाला, घराच्या मधे असावा, जरा उंचावर, आजूबाजूला मोकळं. मी आपला जुना टेलिफोन होता तो कोपरा दाखवला. तिवई अजून तिथेच आहे, वर फोनचा गोल डाग आहे. तो म्हणाला, "एक नंबर जागा." भोक त्याने खिडकीच्या चौकटीखाली पाडलं, धूळ स्वतः पुसली. पांढरा डबा बसवला, दिवे लागले, हिरवे. मग माझ्या फोनवर लावून दिलं आणि गेला. मी लगेच नातीला फोन लावला. तुझ्या बायकोने घेतला. चांगली बोलली हो, तुझ्यापेक्षा चांगली. नात म्हणाली, "आजी, बघ," आणि तोंड एवढं जवळ आणलं की पूर्ण फोनभर ती फट. स्वच्छ दिसली. मी तिला म्हटलं, यातून शिट्टी मारून दाखव. तिने मारली. मी काय बोलत होते आणि काय नाही, मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र सगळं ठप्प. फोन नुसता फिरतोय. मी कंपनीच्या नंबरवर फोन लावला. आणि ढब्बू, तिथे बाई नव्हती! मशीन होतं. "तक्रारीसाठी एक दाबा." मी एक दाबलं. "नव्या कनेक्शनसाठी दोन दाबा." अरे, तक्रार म्हटलं ना! परत पहिल्यापासून. मग गाणं. मग "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." महत्त्वाचा आहे तर उचला ना, मेल्यांनो! मी मशीनला जे जे बोलले ते पत्रात लिहीत नाही, पोस्टमनही माणूस आहे. ज्या बाईने इतकी वर्षं दुसऱ्या घंटीला फोन उचलला तिला मशीनने रांगेत उभं केलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

शेवटी एक खरी मुलगी आली. मी म्हटलं, "हिरवा दिवा आहे की नाही मला माहीत नाही, पण तुमचं इंटरनेट मेलंय." ती म्हणाली, "मी बघते. तुम्हाला थोडा वेळ होल्डवर ठेवू का? चालेल?" विचारलं तिने! मी म्हटलं, "ठेव बाई, हवं तेवढं ठेव."

परत आली आणि म्हणाली, "आजी, लाइन ठीक आहे. डबा कुठे ठेवलाय?"

मी म्हटलं, "कपाटात."

"कपाट कसलं?"

"लोखंडी. आतल्या खणात. कुलूप घातलंय."

"लोखंडी?" तिने परत विचारलं. मग म्हणाली, "त्याच्यावर काही झाकलंय का?"

आता हे तुला सांगायलाच हवं का, याचा मी चहा होईपर्यंत विचार केला. हो, झाकलं होतं. आपल्या घरात मिक्सरला कव्हर आहे, टीव्हीला आहे, शिवणयंत्राला आहे, तुझ्या बाबांच्या ट्रान्झिस्टरला होतं. जुन्या टेलिफोनचं लोकरीचं कव्हर माझ्याकडे होतंच, मी विणलेलं. नवा डबा, धूळ बसेल, कोणी उचलून नेईल. म्हणून त्याला लोकरीत गुंडाळून, वायर दाराच्या फटीतून ओढून, कुलूपबंद केला. बाहेर काढला तेव्हा ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखा गरम लागला.

ती मुलगी हसली नाही. मला ऐकू आलं की ती हसत नाहीये. म्हणाली, "आजी, याला उघडंच राहू द्या. याचं काम बाहेर असतं." मी डबा परत तिवईवर ठेवला, उघडा. अजून त्याच्याकडे बघितलं की मला कसंसंच होतं.

आणि जाता जाता ती म्हणाली, "डब्याच्या खाली छापलेला पासवर्ड आहे तो आज बदला. येणारा-जाणारा कोणीही वाचू शकतो. तुमचा तुम्ही ठेवा आणि ज्याला द्यायचा त्यालाच द्या." कसा बदलायचा तेही सांगितलं. मी फोन स्पीकरवर टाकून, एका हाताने, एकेक अक्षर दाबलं. दुसरा हात कुठे होता म्हणशील तर प्लॅस्टरमध्ये होता. घे, सांगितलं.

हसलास तर याद राख.

— आई

२६ मार्च

चि. ढब्बूस,

तुझे मेसेज मिळाले. पासवर्ड पाठव. आई, पासवर्ड पाठव. आई, महिना संपत आला. आई, वरच्या काकूंना सांगितलंय, त्या उद्या येतील, तू फक्त पासवर्ड दे.

नाही देत.

तुला वाटतं मी हट्टाने करतेय. आहेच हट्ट. पण तू ज्याच्या जिवावर हे सगळं चालवलंयस त्याबद्दल मी आतापर्यंत खोटं बोलत होते. म्हणून आता खरं लिहिते, म्हणजे तुझ्या हातात वरचीने सांगितलेलंच एक राहणार नाही.

मी न्हाणीघरात पडले. साबणावर पाय गेला, डावा हात खाली आला, मनगट मोडलं. उठता येईना. अंगावर टॉवेल होता, तोही धड नव्हता. नळ चालू होता, बंद करायला हात पोचत नव्हता. मी वरचीला हाका मारल्या, माझा आवाज बसेपर्यंत मारल्या. तिला हाका ऐकू गेल्याच नाहीत. तिला ऐकू गेला तो नळ. टाकी दोघींची एक, आणि ही बाई इतका वेळ पाणी वाया घालवतेय म्हणून ती भांडायला खाली आली. दार वाजवलं, शिव्या दिल्या, मग तिच्याकडच्या किल्लीने आत आली. मला बघितलं आणि भांडण विसरली. आधी चादर आणून माझ्या अंगावर टाकली, मग नळ बंद केला, मग बाकीचं सगळं केलं. वरची भांडखोर आहे म्हणून मी आज हे पत्र लिहितेय.

आता सांग, तुझे तीन डोळे त्या दिवशी असते तर काय झालं असतं? हॉलमध्ये कोणी नाही, स्वयंपाकघरात कोणी नाही, बेडरूममध्ये कोणी नाही. न्हाणीघरात कॅमेरा लावायचं तुझ्याही मनात आलं नसेल, एवढी लाज तुला मी शिकवलीय. आणि दिसले असते तरी? तू तिथून काय केलं असतंस? वरचीलाच फोन.

मनगटाचं मला एवढं वाटत नाही. प्लॅस्टर निघेल. मला काय लागलं ते ऐक. वरचीने तुला कळवलं त्याच दिवशी मला वाटलं, आता हा येतो. आपण भांडलो असू, पण आई पडली म्हटल्यावर हा बसायचा नाही. मी एका हाताने तुझी गादी ओढत गच्चीत नेली आणि उन्हात घातली. उशीचा अभ्रा दातात धरून बदलला. घंटी वाजली की उठायची. आणि काय आलं? ड्रिलवाला आला. मग खोके आले. तू आला नाहीस रे. तू मशीनं पाठवलीस. मला राग आलाय तो याचा. कॅमेऱ्याचा राग नंतरचा.

आता मी काय काय केलंय ते ऐकून ठेव.

निवासाला मी फोन केला. तिथे बाईनेच उचलला. मी म्हटलं, "तुमच्याकडे एक नाव नोंदवलंय, ते काढून टाका." ती म्हणाली, "ज्यांनी नोंदवलं त्यांना बोलावं लागेल." मी म्हटलं, "जिचं नाव आहे तीच बोलतेय. मला कोणी विचारलं नव्हतं." तिने काढून टाकलं.

न्हाणीघरात, टॉवेलच्या खुंटीखाली, बसल्या माणसाचा हात पोचेल इतक्या खाली, एक बटण बसवून घेतलंय. दुसरं पलंगाशी. दाबलं की वरचीच्या घरात घंटी वाजते. बसवायच्या आधी मी जिना चढून तिच्याकडे गेले आणि विचारलं, "माझी घंटी तुझ्या घरात वाजेल. घेशील का?" ती म्हणाली, "घेईन. पण उगाच वाजवलीस तर खाली येऊन भांडेन." म्हणजे लाइन रीतसर जोडलेली आहे. आम्ही रोज सकाळी एकदा वाजवून बघतो, ती वरून पाय आपटते, म्हणजे पोचली.

तुझं झुरळ आणि दोन कॅमेरे याच पत्राबरोबर परत पाठवतेय. राउटर दुकानात परत कर, तो इथल्या लाइनला चालत नाही, हे तुला आता लेखी कळवलंय.

एक कॅमेरा मी ठेवून घेतला. वरचीने लावून दिला, मी स्टुलाजवळ उभी राहून सांगत होते. घरात नाही. दाराच्या वर, बाहेर, जिन्याकडे तोंड करून. चित्र माझ्या फोनवर येतं, दुसऱ्या कोणाच्या नाही. सकाळी चहा घेताना बघते. पेपरवाला दिसतो. वरची दिसते, माझ्या दारासमोरून जाताना मुद्दाम वर बघून तोंड वाकडं करते. मांजर येऊन पायपुसण्यावर झोपतं. बाकी जिना रिकामा असतो. रिकामा जिनाही मी बराच वेळ बघते, हे आता लिहिलंच आहे तर राहू दे.

पासवर्ड फोनवर सांगणार नाही, पत्रात लिहिणार नाही. कागदाच्या पट्टीवर लिहून डब्याच्या पोटाला चिकटवलाय. डबा तिवईवर आहे, उघडा. ज्याला हवा त्याने यावं, डबा उलटा करावा आणि वाचावा.

गादी अजून घडी केलेली नाही.

घंटी वाजवायचीही गरज नाही तुला. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर आलास की मला दिसशील. मग मी जुन्या सवयीने स्वतःलाच विचारीन, "बाई, ढब्बू आलाय, घेता का?"

उत्तर काय येणार ते मला माहीत आहे. तू ये.

आशीर्वाद.

— आई